जगन्नाथ शंकरशेट : पेढीपासून कंपनीपर्यंत

झाशीच्या रेल्वे स्थानकाला डिसेंबर २०२१ मध्ये वीरांगना लक्ष्मीबाई यांचे नाव देण्यात आले. मुंबई आणि दिल्ली यांना जोडणाऱ्या लोहमार्गावरील हे एक मोठे स्थानक. १८८५ मध्ये लंडनच्या भांडवलावर उभ्या राहिलेल्या इंडियन मिडलंड रेल्वे कंपनीने हा मार्ग घातला. १८८८-८९ मध्ये झाशीहून कानपूर, ग्वाल्हेर आणि भोपाळ या दिशांना गाड्या धावू लागल्या. १८९५ मध्ये तेथे रेल्वेचा कारखाना निघाला. आणि १९०० मध्ये या साऱ्या मार्गांचा कारभार ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीकडे आला. या दुसऱ्या कंपनीच्या उभारणीत ज्या मोजक्या हिंदी व्यापाऱ्यांचा हात होता, त्यांत मुंबईचे जगन्नाथ शंकरशेट अग्रभागी होते. नाना शंकरशेट या नावाने महाराष्ट्र त्यांना ओळखतो. ते निवर्तल्यानंतर पस्तीस वर्षांनी त्यांची कंपनी राणीच्या नगरीत पोचली.

नाना आणि झाशी यांचा संबंध एवढ्यावरच संपत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाशीच्या दरबाराने आणि गिरगावातील या व्यापाऱ्याने, एकमेकांपासून दूर राहून, एकाच प्रकारच्या संस्थेशी लेखी करार केले होते. ही संस्था म्हणजे सातासमुद्रापलीकडे मुख्य कचेरी असलेली कंपनी. मराठी भाषेत हा शब्द त्या काळी दोन अर्थांनी वावरत होता. झाशीत कंपनी म्हणजे सरकार. मुंबईच्या बाजारपेठेत कंपनी म्हणजे भागीदारांनी भांडवल घालून काढलेला धंदा. नानांचे आयुष्य या दोन अर्थांच्या सीमेवर गेले. दोन खंडांतील व्यापारी संस्था एकत्र आल्या म्हणजे करार कोण करतो यापेक्षा त्या कराराचा अर्थ शेवटी कोण लावतो, हा प्रश्न मोलाचा ठरतो. नानांच्या चरित्राचा विचार या प्रश्नाच्या अनुरोधाने करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नानांचा जन्म १८०३ चा. दैवज्ञ ब्राह्मण ज्ञातीतील मुरकुटे हे त्यांचे घराणे मूळचे ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचे. अठराव्या शतकात ते मुंबईस येऊन स्थिरावले आणि व्यापारात त्याने चांगला जम बसविला. आईचे छत्र नानांना लहानपणीच अंतरले. १८२२ मध्ये वडील शंकरशेट यांचे देहावसान झाले, तेव्हा नाना एकोणीस वर्षांचे होते. या वयात घरची पेढी, मालमत्ता आणि देण्याघेण्याचा सारा पसारा त्यांच्या अंगावर आला.

पेढीचा धंदा त्या काळी पतीवर चाले आणि पत ही व्यक्तीची असे. अरबी समुद्राच्या पैलतीरावरून येणारे अरब सौदागर आणि वायव्येकडून येणारे अफगाण व्यापारी आपली रोकड व जडजवाहीर बँकेत न ठेवता नानांच्या स्वाधीन करीत, अशी त्यांची ख्याती होती. या विश्वासामागे कोणताही कायदा नव्हता. कोणी तक्रार केली असती तर ती ऐकून घेणारे न्यायासन दोघांनाही एकाच अंतरावर होते; परंतु तशी वेळ येऊ नये हीच पेढीची खरी हमी. ठेवीदार परमुलखातला असला तरी देणारा आणि घेणारा समोरासमोर बसत आणि वहीतील आकडा दोघांनाही वाचता येत असे. परदेशी व्यापाराचे नानांना झालेले पहिले शिक्षण हे असे होते. पुढे लंडनच्या कंपनीशी गाठ पडली तेव्हा हीच पत कागदावर उतरेल, अशी अपेक्षा त्यांनी बाळगली असल्यास नवल नाही.

व्यापाराच्या जोडीने नानांनी शिक्षणाच्या कार्यात लक्ष घातले. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या कारकिर्दीत एतद्देशीयांच्या शिक्षणासाठी जी मंडळी स्थापन झाली, तिच्या आरंभीच्या आधारस्तंभांत नानांची गणना होते. मराठी क्रमिक पुस्तके, कोश आणि व्याकरणे तयार होण्याचा हा काळ. १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश बाहेर पडला आणि १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांचे दर्पण निघाले. १८४० मध्ये सरकारने बोर्ड ऑफ एज्युकेशन नेमले तेव्हा नाना त्याचे सभासद झाले. या मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे उच्च शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे या मताचे होते. नानांनी त्यांना स्पष्ट विरोध केला. इंग्रजी शिकविण्यास त्यांची हरकत नव्हती. परंतु नवे ज्ञान बहुजनांपर्यंत पोचायचे तर ते देशभाषांच्याच वाटेने पोचेल, अशी त्यांची धारणा होती. हा वाद केवळ माध्यमाचा नव्हता. करारपत्रे, कायदे आणि हिशेब ज्या भाषेत लिहिले जातील त्या भाषेचे धनी कोण, हा त्याचा गाभा होता. रेल्वेच्या उद्योगात नानांना पुढे ज्या अडचणीला तोंड द्यावे लागले, तिचे बीज येथेच आढळते.

मुंबई आणि दूरचे खंड यांच्यामधील व्यापारी संबंधांचा सर्वांत मोठा नमुना त्या वेळी नानांच्या डोळ्यांसमोर होता, तो सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पेढीचा. जमशेटजी (१७८३–१८५९) कापूस आणि अफू चीनला पाठवीत आणि १८३२ मध्ये कँटन येथे उदयास आलेल्या जार्डिन मॅथिसन कंपनीशी त्यांचे निकटचे व्यवहार होते. या व्यवहारात मुंबईची पेढी माल पुरविणारी होती; जहाजे, विमा आणि लंडनवरील हुंड्या यांच्या दोऱ्या मात्र हळूहळू ब्रिटिश पेढ्यांच्या हाती जात होत्या. अफूच्या व्यापाराने मुंबईला भांडवल दिले खरे, पण या भांडवलाला देशात गुंतवणुकीची वाट सापडत नव्हती. रेल्वे ही ती वाट ठरेल, असे नाना आणि जमशेटजी या दोघांनाही वाटले.

इंग्लंडमध्ये वाफेच्या गाड्या धावू लागल्यास फार वर्षे झाली नव्हती. १८४३-४४ पासून मुंबईतही लोहमार्गाच्या योजना चर्चेत आल्या आणि १८४५ मध्ये नाना व जमशेटजी यांच्या पुढाकाराने इंडियन रेल्वे असोसिएशन ही संस्था निघाली. त्याच सुमारास जॉन चॅपमन हा इंग्रज प्रवर्तक ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची योजना घेऊन मुंबईस आला. लंडनमधील भांडवलदार आणि लँकेशरमधील कापड गिरण्यांचे मालक त्याच्या योजनेकडे आशेने पाहत होते. लँकेशर तोपर्यंत अमेरिकेच्या कापसावर अवलंबून होते. पश्चिम हिंदुस्थानातील कापूस बैलांच्या पाठीवरून घाट उतरून बंदरावर येई, तोवर त्यात धूळ आणि ओल शिरे. लोहमार्ग झाला तर हा कापूस स्वच्छ आणि वेळेवर मिळेल, हा त्यांचा हिशेब. मुंबईच्या व्यापाऱ्यांचा हिशेब निराळा होता. त्यांना आपल्या प्रांताच्या बाजारपेठा एकमेकींशी जोडून हव्या होत्या. दोन हिशेब एका मार्गावर जुळले आणि मुंबईची संस्था लंडनच्या कंपनीत विलीन झाली. कंपनीच्या दहा संचालकांत हिंदी दोनच : जमशेटजी आणि नाना.

१ ऑगस्ट १८४९ रोजी ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने ही कंपनी अस्तित्वात आली आणि त्याच महिन्यात तिचा ईस्ट इंडिया कंपनीशी करार झाला. पाच लाख पौंडांच्या भांडवलावर एक प्रायोगिक मार्ग बांधावयाचा होता. या कराराची रचना पाहण्यासारखी आहे. भागधारकांनी भरलेल्या रकमेवर पाच टक्के व्याजाची हमी ईस्ट इंडिया कंपनीने दिली. जमीन विनामूल्य, नव्याण्णव वर्षांच्या मुदतीने. रेल्वेला तोटा झाल्यास व्याजाची तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून काढावयाची. नफा पाच टक्क्यांवर गेल्यास वरची रक्कम दोघांनी वाटून घ्यावयाची. म्हणजे धोका हिंदुस्थानातील करदात्याचा आणि निर्धास्तपणा लंडनच्या भागधारकाचा. मुंबईच्या बाजारात व्याजाचे दर पाच टक्क्यांहून बरेच चढे असल्याने येथील पैसा या भागांकडे फारसा वळला नाही. हमीच्या अशा करारांवर देशभर जे रेल्वे भांडवल उभे राहिले, त्यात हिंदी भागधारकांचा वाटा शेकडा एकाच्या आसपास राहिला. ज्याच्या शेतातून रूळ जाणार आणि ज्याच्या करातून व्याज भरले जाणार, तो भागधारकांच्या सभेत कोठेच नव्हता.

नाना मात्र या व्यवहारात शेवटपर्यंत टिकून राहिले. त्यांची भूमिका मध्यस्थाची होती. जमीन मिळविणे, व्यापाऱ्यांच्या शंका फेडणे, लोखंडी रस्त्याविषयीच्या लोकापवादांना उत्तर देणे ही कामे लंडनच्या मंडळाला जमणारी नव्हती. ती नानांच्या शब्दावर होत. कंपनीचा मुख्य अभियंता जेम्स बर्कली १८५० मध्ये मुंबईस आला आणि ३१ ऑक्टोबर १८५० रोजी शीवजवळ कामास आरंभ झाला. इंजिने लँकेशरच्या व्हल्कन फाउंड्रीतून आली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यापर्यंतच्या एकवीस मैलांच्या मार्गावर देशातील पहिली प्रवासी गाडी धावली. निमंत्रित पाहुणे सुमारे चारशे होते आणि नाना त्यांत होते. १८५४ मध्ये लोखंडी रस्त्यांची माहिती देणारे मराठी पुस्तकही निघाले. आगगाडी हा शब्द मराठीत इतक्या सहजतेने रुळला की तो नवा आहे याचाही विसर पडला.

१८५३ या वर्षाकडे झाशीतून पाहिले तर चित्र वेगळे दिसते. रत्नागिरीकडून आलेल्या नेवाळकर घराण्याकडे झाशीची सुभेदारी पेशव्यांच्या काळापासून होती. १८१७ मध्ये पेशव्यांनी बुंदेलखंडावरील आपले हक्क ईस्ट इंडिया कंपनीला दिले आणि त्याच वर्षी कंपनीने झाशीच्या रामचंद्ररावांशी तह करून त्यांच्या वंशाचा वारसा मान्य केला. एका संस्थानाने एका व्यापारी कंपनीशी केलेला हा लेखी करार. गंगाधररावांच्या काळात झाशीत ग्रंथालय आणि नाटकशाळा नांदत होत्या. मराठी आणि संस्कृत विद्येचे ते उत्तरेकडील एक ठाणे होते. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. तो दत्तक कंपनीने अमान्य केला आणि १८५४ मध्ये झाशी खालसा झाली. निर्णय घेणारे गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी. देशभर लोहमार्गांचे जाळे विणण्याची शिफारस करणारे त्यांचे प्रसिद्ध टिपण एप्रिल १८५३ मधील, म्हणजे बोरीबंदरची गाडी धावली त्याच महिन्यातील आहे. एका वर्षाच्या अवधीत एकाच लेखणीने रेल्वे कंपन्यांच्या भागधारकांना दिलेले वचन पक्के केले आणि झाशीला दिलेले वचन मोडीत काढले. दोन्ही वचने कागदावरच होती. फरक इतकाच, की पहिल्या कागदाचा धनी लंडनमध्ये होता.

या सुमारास नानांची दृष्टी व्यापाराकडून राजकारणाकडे अधिकाधिक वळलेली दिसते. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेची मुदत १८५३ मध्ये संपणार होती. त्याआधी, २६ ऑगस्ट १८५२ रोजी, मुंबईत बॉम्बे असोसिएशनची स्थापना झाली आणि तिच्या स्थापनेत व संचालनात नानांचा वाटा प्रमुख होता. जमशेटजींसारखे जुने व्यापारी आणि दादाभाई नौरोजींसारखे नवशिक्षित तरुण या संस्थेत एकत्र आले. संस्थेने पार्लमेंटकडे अर्ज पाठवून कारभारातील दोष दाखविले आणि राज्ययंत्रणेत हिंदी लोकांना स्थान मागितले. या अर्जाचा पेढीच्या अनुभवाशी असलेला संबंध सहसा लक्षात घेतला जात नाही. ज्या व्यापाऱ्याने लंडनशी करार केला, त्याला कराराचा अर्थ लावणाऱ्या सभागृहात आपला माणूस असण्याची गरज सर्वांआधी कळली. दादाभाईंनी पुढे संपत्तीच्या निःसारणाचा जो सिद्धान्त मांडला, त्यात रेल्वेच्या भांडवलावर देशाबाहेर जाणाऱ्या व्याजाचाही हिशेब आहे. नानांनी असा सिद्धान्त मांडला नाही. पण ज्या सभेत तो रुजला ती सभा त्यांनी उभी केली.

१८५७ मध्ये या दोन कथा एकमेकींच्या सर्वांत जवळ आल्या. झाशी उठावात सामील झाली. एप्रिल १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या सैन्याने ती घेतली आणि गंगाधररावांचे ग्रंथालय उद्ध्वस्त झाले. या वेढ्याचा आणि विध्वंसाचा मराठीतील सर्वांत जिवंत वृत्तान्त वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या माझा प्रवास या ग्रंथात आहे. गोडसे १८५७ मध्ये द्रव्यार्जनासाठी कोकणातून उत्तरेस पायी निघाले आणि झाशीत अडकले. त्यांचा ग्रंथ चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. तोवर झाशीला आगगाडी येऊन जवळजवळ वीस वर्षे झाली होती. इकडे मुंबईत खुद्द नानांवरच संशय घेण्यात आला. बंडवाल्यांशी त्यांचे संधान असल्याच्या आरोपाची चौकशी झाली. पुरावा काही मिळाला नाही आणि ते निर्दोष ठरले. पस्तीस वर्षांची निष्कलंक पत, बोर्डाचे सभासदत्व, रेल्वेचे संचालकपद यांपैकी काहीही त्यांना संशयापासून वाचवू शकले नाही. पेढीवर पत ही व्यक्तीची असते. साम्राज्यात ती वर्णाची असते, हा धडा त्यांना उतारवयात मिळाला.

त्यानंतरही नानांनी सार्वजनिक कार्य सोडले नाही. स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीने मुलींच्या शाळा काढल्या तेव्हा त्यांनी लोकनिंदा सोसून आपल्या वाड्यात शाळेला जागा दिली होती. तिचे पालकत्व त्यांनी पुढेही निभावले. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयासाठी त्यांनी डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासह परिश्रम घेतले. १८६२ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलावर त्यांची नेमणूक झाली. गोविंद नारायण माडगावकर यांचे मुंबईचे वर्णन १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील मुंबई ही शाळा, दवाखाने, गिरण्या आणि आगगाडी यांची नगरी आहे, आणि ती घडविणाऱ्यांत नाना आघाडीवर होते.

याच वर्षी, २१ एप्रिल १८६३ रोजी, बोरघाटाचा मार्ग खुला झाला. पंचवीस बोगद्यांच्या या कामात हजारो मजूर रोगराईने आणि अपघातांनी मेले. त्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत. बर्कलीलाही हा दिवस पाहता आला नाही. तो १८६२ मध्येच वारला. १८६५ च्या आरंभी थळघाटाचा मार्ग सुरू झाला. रूळ घाटापलीकडे गेले त्याच वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध (१८६१–६५) पेटले होते. तेथील कापूस लँकेशरला मिळेनासा झाला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. ज्या कापसाच्या आशेने लंडनने रेल्वेत पैसा घातला होता, त्याच कापसाने मुंबईकरांना सट्ट्याच्या नादी लावले. नव्या कंपन्या, नव्या बँका आणि समुद्र हटविण्याच्या योजना यांचे भाग हातोहात खपले. अमेरिकेतील युद्ध थांबताच भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा दिवस मुंबईच्या व्यापारी इतिहासात काळा दिवस म्हणून नोंदला गेला. त्यानंतर महिन्याभरात, ३१ जुलै १८६५ रोजी, नानांचे निधन झाले. पेढीची पत पाहून वाढलेला हा पुरुष कागदी पतीचा फुगा फुटत असताना गेला.

नानांच्या कार्याचे मूल्यमापन करताना दोन टोके टाळावी लागतात. रेल्वेचे जनक म्हणून त्यांचा केवळ गौरव केला, तर त्या कंपनीच्या मांडणीत दडलेली विषमता झाकली जाते. परकीय भांडवलाचे हस्तक म्हणून त्यांना हिणवले, तर त्यांनी शाळेत, कौन्सिलात आणि असोसिएशनमध्ये दिलेल्या झगड्याचा अर्थ लागत नाही. त्यांनी भागीदारी स्वीकारली आणि तिच्यातील उणीव ओळखून ती भरून काढणाऱ्या माणसांची पिढी घडविण्यास पैसा व प्रतिष्ठा खर्ची घातली. रेल्वेच्या भागांत त्यांना जे साधले नाही, ते शाळांमध्ये साधले.

त्याचे एक उदाहरण पुरेसे आहे. नानांच्या स्मरणार्थ त्यांचे चिरंजीव विनायकराव यांनी संस्कृतसाठी जी शिष्यवृत्ती ठेवली, तिने महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना विद्येची ओढ लावली. १९१२ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत ती मिळविणारा विद्यार्थी होता चिंतामण द्वारकानाथ देशमुख. कालिदासाचे मेघदूत मराठीत आणणारे हेच देशमुख पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले आणि १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सच्या परिषदेत हिंदुस्थानचे एक प्रतिनिधी म्हणून बसले. महायुद्धात ब्रिटनने हिंदुस्थानचे जे स्टर्लिंग देणे करून ठेवले होते, त्याचा प्रश्न हिंदी प्रतिनिधींनी त्या परिषदेत मांडला. परिषदेने तो आपल्या कक्षेत घेतला नाही आणि देण्याची फेड पुढे दोन देशांमधील वाटाघाटींवर सोपविली गेली. तरीही हिशेबाची दिशा बदलली होती. ऋणको आता लंडन होते, आणि कागदाचा अर्थ लावण्यास बसलेल्यांत नानांच्या शिष्यवृत्तीवर शिकलेला एक माणूस होता.